त्याचं पाणी

"ते पाणी तुझं नाही," आप्पा मागे वळूनही न बघता म्हणाले.

तनुजाने कॅनच्या झाकणावरचा हात काढला. सिंहगडाच्या पायवाटेवर रविवार सकाळची गर्दी होती आणि तिची बाटली पहिल्या चढावरच संपली होती. वडिलांच्या पाठीवर दोरीने बांधलेला पाच लिटरचा कॅन डुचमळत होता. त्यातलं घोटभर मागितलं, तर हे उत्तर.

"झाडाला पाणी आणि मुलीला उपदेश," ती म्हणाली.

"मुलीला वर ताक मिळेल. झाडाला कोण पाजणार?"

सत्तरी गाठलेला माणूस, पण दगडावरून दगडावर असा पाय टाकत चालला होता, की मागून येणाऱ्याने स्वतःचं वय तपासून बघावं.

करवंदीच्या जाळीपाशी दोघं थांबले. वाटेच्या डाव्या अंगाला, झाडीआडच्या चढावर, गडावर नेहमी येणाऱ्यांनी रोपं लावली होती. उन्हाळाभर जो तो आपापल्या रोपाला पाणी वाहून आणायचा. आप्पांचंही एक त्यातच कुठेतरी होतं.

"येतेस बघायला? नवी पालवी आलीय."

"तुम्ही या जाऊन. मी बसते."

"दमलीस?"

"छे!"

तिने मोबाइल काढला. आप्पा झाडीत दिसेनासे झाले. परतले तेव्हा कॅन रिकामा वाजत होता आणि चेहरा कुणालातरी पोटभर जेवू घालून आल्यासारखा होता. तिथून पुणे दरवाजापर्यंत ते पुढे आणि ती मागे, धाप गिळत.

मंगळवारी पहाटे आप्पा झोपेतच गेले.

महिन्याभराने तनुजा तोच कॅन पाठीला बांधून चढत होती. एप्रिल संपत आला होता. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबली होती, आणि काल गॅलरीत पालथा घातलेला कॅन दिसल्यावर तिच्या एकदम लक्षात आलं होतं, की इतके दिवस त्या झाडाला कुणी पाणी घातलेलं नाही.

दोरी खांद्यात रुतत होती. पाणी दर पावलाला एका अंगाला जाऊन तिला मागे ओढत होतं. आप्पा ही दोरी कशी बांधायचे, तेही तिने कधी नीट पाहिलं नव्हतं.

"आज आप्पासाहेब मागे राहिले वाटतं?" वरून उतरणारे एक काठीवाले गृहस्थ थांबले. "ओझं लेकीच्या पाठीवर देऊन? कमाल आहे."

"हो," ती म्हणाली. "मागे राहिले."

त्यापुढचं सांगायला दम नव्हता.

करवंदीच्या जाळीशी विमलाबाई ताकाचा माठ मांडून बसल्या होत्या.

"मावशी, आप्पांचं झाड कुठलं हो?"

"हितनं आत जायाचे, येवढंच ठावं हाय बघा. लई जणांनी लावल्यात. पाटी आसंल की."

पाटी नव्हती. पाट्या लावणाऱ्यांची आप्पा थट्टाच करायचे. झाडाला माझं नाव कशाला? ते काय दुकान आहे?

ती आत शिरली. चढ अंगावर येणारा, पायाखाली निसटता मुरूम. जिकडेतिकडे रोपांभोवती दगडांनी बांधलेली आळी. काही रोपांना पत्र्याच्या पाट्या होत्या. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या साठीनिमित्त. एकीवर लिहिलं होतं, 'पाणी घालावे. फांदी मोडू नये. मोडल्यास पुन्हा गडावर दिसू नये.' आणि बिनपाटीची कितीतरी. आपलं कडुनिंबाचं, का जांभळाचं? गुडघ्याएवढं, का कमरेएवढं? तिला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

"सांगून ठेवायला काय झालं होतं?" ती चिडून पुटपुटली.

आणि लगेच आठवलं. सांगायलाच तर बोलवायचे. दर रविवारी.

तिने बिनपाटीच्या एकेका रोपाला पाणी घालायला सुरुवात केली, हात आखडता घेत. माती इतकी तापलेली, की पाणी पडताक्षणी नाहीसं व्हायचं, घातलं की नाही अशी शंका यावी. मध्येच पाय घसरला, कॅन कलंडला आणि निम्मं पाणी उताराला लागलं. आप्पांसमोर कधीच दिली नसती अशी एक शिवी तिने दिली. ती कॅनला, मुरमाला की आणखी कुणाला, हे तिचं तिलाही कळलं नाही.

शेवटचं रोप पार वर, कातळाला लागून होतं. ती तिथे रांगतच पोचली, तेव्हा कॅनमध्ये थेंब उरला नव्हता. रोपाची पानं करपून गुंडाळली होती. खोडाशी मात्र अजून बोटभर हिरवं होतं. हे आप्पांचं असेल. नसेलही.

घशाला कोरड पडली होती. तिने खांद्याला अडकवलेल्या पिशवीतली स्वतःची बाटली काढली, झाकण उघडलं, ओठांपर्यंत नेली. मग तशीच आळ्यात उपडी केली.

वर दरवाजाशी पोचलेली माणसं एकमेकांना मोठमोठ्याने हाका मारत होती. माथा अजून बराच लांब होता. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. दर रविवारी त्या अशाच थरथरायच्या, आणि ती मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायची. आता ती कातळाला टेकून मटकन खाली बसली आणि वरच्या वाटेकडे बघत, कुणी ऐकलं तरी चालेल अशा आवाजात म्हणाली,

"आप्पा, दमलेय मी. जरा थांबा. मीही येते बघायला."