वस्तादांची चिमूट

“हे तिखट आलं कुठून?”

डॉक्टरबाईंनी वाटी पुढे धरली. पांढराशुभ्र मऊ भात आणि त्यावर लालभडक ठिपके. कोपऱ्यातल्या खाटेवर वस्ताद भिंतीकडे तोंड करून पडले होते. काल सकाळी उठून बसलेला, सिस्टरशी हुज्जत घालणारा माणूस रात्रभर संडासच्या फेऱ्या मारून पुन्हा आडवा झाला होता. सुटलेलं सलाईन पुन्हा हाताला लागलं होतं.

“जुलाबाच्या पेशंटांचा वॉर्ड आहे हा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आतडी आधीच हुळहुळी झालेली. थोडं थोडं मऊ खायला घालून आपण ती मार्गावर आणतो, आणि कुणीतरी त्यांवर तिखट टाकतं! बाकी सगळ्यांच्या वाट्या बघितल्या मी. स्वच्छ आहेत. फक्त तुमच्याच वडिलांच्या वाटीत हे कसं?”

प्रश्न पथ्याच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य बाईला होता. ती वस्तादांची मुलगी.

पथ्याचं स्वयंपाकघर तिने भांडून मिळवलं होतं. आधी आजाऱ्यांनाही सगळ्यांचंच जेवण जायचं. फार तर तवंग काढून टाकायचे. तिने चूल वेगळी मागितली, पातेली वेगळी, डावसुद्धा वेगळा. तिखटाच्या डब्याला तिथे उंबरा ओलांडायची बंदी. मीठ-साखरेचं पाणी ती स्वतः मोजून करायची. भात बोटांनी चुरून बघितल्याशिवाय वाढू द्यायची नाही. केळं कुणाला द्यायचं, दही कुणाला आणि कधी, हे ती खाटेपाशी येऊन, माणसाचा चेहरा बघून डॉक्टरांना विचारायची. मान उचलता येत नव्हती अशी माणसं तिच्या हातचं खाऊन आपल्या पायांनी घरी गेली होती. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

वस्तादांना मात्र या सगळ्याचं हसू यायचं. त्यांच्या हातच्या झणझणीत रश्श्यासाठी हॉटेलाबाहेर लोक रांगा लावून उभे राहात. मुलगी त्यांच्या हाताखालचं काम सोडून दवाखान्यात निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “भात उकडायला आचारी लागतो होय?” तेव्हापासून बाप-लेकीत कामापुरतं बोलणं. आणि आता त्यांच्याच पोटाने संप पुकारून त्यांना तिच्या दारात आणून टाकलं होतं.

“त्यांना फिकं उतरत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे,” डॉक्टरबाईंचा आवाज खाली आला. “लेकीची माया मी समजू शकते. पण माया अशी वाटीत उतरणार असेल, तर ही चूल तुमच्याकडे ठेवता यायची नाही मला.”

तिने वाटी हातात घेतली. नाकाशी नेली. मंद आचेवर भाजलेला, दोनदा चाळलेला मसाला. लहानपणी खलबत्त्यात तो कुटून तिच्या तळहाताला फोड आले होते. या जगात तो एकाच माणसाच्या खिशात असायचा, आणि झोपताना त्याच्या उशीखाली.

तिने खाटेकडे बघितलं. भिंतीकडची पाठ हलली नाही. एक शब्द बोलली असती तर ती सुटली असती. पण ज्याने उभ्या आयुष्यात नाकावर माशी बसू दिली नाही, त्या माणसाची उशी चार परक्यांसमोर कशी उलटायची?

“माझ्या चुलीवरून हे आलेलं नाही,” ती म्हणाली. मान ताठ होती.

“मग काय आभाळातून पडलं?”

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबुवांनी कण्हायचं थांबवलं.

“पुडी माझी आहे.” आवाज भिंतीकडून आला. वस्ताद कसेबसे या कुशीवर वळले. “उशीखाली बघा. चांगला भात मी नासवला. तिच्या चुलीला कुणी हात लावायचा नाही.”

सिस्टरने पुडी बाहेर काढली. कुणीतरी फिस्सकन हसलं. वस्तादांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, पण त्यांनी तो पुन्हा भिंतीकडे फिरवला नाही. डॉक्टरबाईंनी त्यांना असं झाडलं, की त्यांच्या हाताखालच्या पोरांनी ऐकलं असतं तर जन्माचं समाधान झालं असतं. मग त्या मुलीकडे वळल्या. “चुकलं माझं,” म्हणाल्या. “ताजी वाटी आणा. चूल तुमचीच.”

तिने ताजी वाटी आणली. दोन चमचे, मग थोडं थांबायचं, मग पुन्हा दोन. वस्ताद शहाण्या मुलासारखे खात होते. तोंडातला घास ते फार वेळ घोळवत होते, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. तरी मनातला सल काही जाईना. वाटीचा तळ दिसू लागला तेव्हा तिने विचारलंच.

“एवढा फिका लागला का हो, बाबा? मला सांगायचं तरी.”

वस्तादांनी तिच्याकडे बघितलं. कितीतरी वर्षांनी सरळ, डोळ्यांत.

“फिका असता तर निमूट गिळला असता, पोरी. पहिल्याच घासाला कळलं, याला माझ्या हाताची गरज नाही. तेवढंच मला पचलं नाही.”