दुसरीची गुंतवळ

चौबे कॉलोनीतल्या पार्लरच्या क्लासात जुन्या वळणाचा खोपा शिकवत होते. तो भरीव दिसावा म्हणून आत गुंतवळ घालायची, म्हणजे विंचरताना निघालेले केस. पूर्वी बायका ते डब्यात साठवून ठेवत.

"पण आपलीच भरायची, दुसरीची नाही," शिकवणाऱ्या पद्मिनीदीदींनी बजावलं होतं.

क्लासातल्या ज्ञानदाचे केस आखूड. तिने भांड्यांच्या बदल्यात केस घेणाऱ्या बाईकडून मूठभर गुंतवळ आणली, दोनदा शाम्पूने धुतली आणि डमीच्या प्लास्टिकच्या डोक्यावर खोपा घातला.

दुसऱ्या दिवशी खोपा तेलकट होता. खवट खोबरेलाचा आणि घामाचा वास येत होता.

"दीदी, याले तेल कोणी लावलं?"

"कोणीच नाही. काहून?"

नाक मुरडत ज्ञानदाने आकडे काढले. गुंतवळ हाताला कोमट लागली, जिच्यावरून नुकतंच कुणी डोकं उचललंय अशा उशीसारखी. तिच्यातून एक ऊ ज्ञानदाच्या बोटावर उतरली. टपोरी, पोट भरून सुस्तावलेली. लहानपणी आई उवा मारायची तशी तिने ती दोन अंगठ्यांच्या नखांत चिरडली.

नखं लाल झाली.

"तुह्याच डोक्यातली असंल पोट्टे," दीदी हसल्या. "ते काय प्लास्टिकचं रक्त पिऊन राहिली?"

ज्ञानदाने स्वतःचं डोकं चाचपलं. कुठेच खाजत नव्हतं. मग तिने डमीचे केस कानावरून बाजूला केले.

कानामागचं प्लास्टिक खाजवून खाजवून सोललं होतं, आणि तिथून लस वाहत होती.