अचूक निदान

“तीस वर्षं कंपाउंडर होतो. किरकोळ आजार लांबूनच ओळखतो,” म्हणत दिगूकाकांनी गावाला निघालेल्या शेजारच्या मुक्ताचा ससा चार दिवस ठेवून घेतला. तिनं सशाच्या सवयी लिहून दिलेला कागद न वाचताच पिंजऱ्याखाली अंथरला.

दुसऱ्याच दिवशी ससा पाय ताणून आडवा दिसला. “गेला!” काकांनी निदान केलं, मुक्ताला फोनवर रडवलं आणि अंगणात खड्डा खणला.

“अहो, हात तरी लावून बघा!” काकू म्हणाल्या.

“मला शिकवू नकोस.”

खड्ड्याकाठी पिंजरा आणून त्यांनी वरूनच सशावर झेंडूचा हार टाकला. ससा उठून हारच खाऊ लागला. काका दचकून मागे सरले ते थेट खड्ड्यात.

काकूंनी कागद वाचला, “आडवा पडला म्हणजे मजेत आहे.”

“मुरगळलाय जरासा,” काकांनी पायाचं निदान केलं.

प्लास्टर सहा आठवडे होतं.