कोपऱ्यातलं वांगं

पारोळ्यात यंदा ऊन असं, की कावळ्याची सावली कावळ्याला सोडून लिंबाखाली बसायची. नात मेघानं मात्र भरताच्या वांग्यांच्या कुंड्या अंगणात मांडून पाणी तोडलं. "नाना, रोपात मुकादमासारखं प्रथिन असतं. संकट आलं की झोपलेल्या जनुकांना हाळी देतं, 'उठा, दारं लावा, पाणी जपा!' कुणाचा मुकादम उठतो, ते बघायचंय." सुपडूनानांना माना टाकलेली रोपं बघवेनात. मेघा शेतकी कॉलेजात जाताच त्यांनी तांब्या उचलला. आठवड्यानं मेघाला ओली माती दिसली. "दोन वर्षांची मेहनत बुडवली तुम्ही! सगळ्यांना पाजलं?" नाना ओशाळले. "ज्यानी मान टाकी, त्याले दिधं, माय. ते कोपरामधलं ताठच शे. त्यानी मांगंच नही." मेघानं त्या कुंडीत बोट खुपसलं. माती कोरडी ठणठणीत, पानं हिरवीगार. डोळे पुसत ती हसली, "नाना, याचंच बी धरू!"