दारावरची संख्या

"भालचंद्र, तुमची संख्या?" दाराने दुसऱ्यांदा विचारलं.

भालचंद्रांनी वळून बायकोकडे पाहिलं. वर्षभर एकेक गोष्ट विसरत चालले होते, आज संख्याही गेली. यशोधराबाईंनी त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली.

दारावर त्यांच्या लग्नात कोरलेला आकडा होता, ७८९७६१८७. नवऱ्याची मूळ संख्या गुणिले बायकोची; दोघांनी आपापली सांगितली की दार उघडायचं. आपली संख्या जोडीदारालाही सांगायची नाही, असा रिवाज. आपल्या संख्येने भागलं की दुसऱ्याची कळते, पण सत्तेचाळीस वर्षांत दोघांनीही तो भागाकार केला नव्हता.

"अगं, आठवत नाही," ते पुटपुटले.

"भागाकार तर येतो ना? जन्मभर शाळेत शिकवलात." बाईंनी वाणसामानाची यादी उलटी करून पेन्सिलीसकट पुढे धरली. "माझी सात हजार नऊशे एकोणीस. हिने भागा."

पेन्सिल आधी अडखळली, मग सवयीने चालू लागली. उत्तर आलं ९९७३. बाकी शून्य.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं, पाठोपाठ बाईंनी आपली संख्या म्हटली आणि दार उघडलं.

"पण तुझी संख्या मला कळली की," ते ओशाळून म्हणाले.

"उद्यापर्यंत विसराल," यशोधराबाई म्हणाल्या. "मग मी परत सांगेन."