दहावा प्रवेश

नार्वेकर सर अठरा वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवतायत, अजून कंत्राटावरच. यंदा संस्थेने बजावलं होतं, की मार्केटिंगच्या नव्या कोर्सला जो दहा प्रवेश आणेल, त्याचंच कंत्राट पुढे चालेल. सरांचे नऊ झाले होते. शेवटच्या दिवशी ते राई गावात मोरेश्वर पाटलांच्या घरी गेले. त्यांची मुलगी समिधा नुकतीच बारावी पास झाली होती.

"आमाला यातला काय कलत न्हाय, सर. तुमी सांगाल तसा करू," मोरेश्वर म्हणाले.

समिधाने मात्र भलतंच विचारलं. "सर, खाडीला भरती रोज पाऊण तास उशिरा का येते?"

आपण कशासाठी आलोय, तेच सर विसरले. अंगणातल्या दोन नारळांना पृथ्वी आणि चंद्र करून ते अर्धा तास समजावत राहिले. कित्येक दिवसांनी कुणीतरी त्यांचं असं मन लावून ऐकत होतं.

"मला हेच शिकायचंय, सर. तुमच्याकडेच," ती म्हणाली.



"त्यात आता काही राहिलं नाही, बाळा," तिच्याकडे न बघता सर म्हणाले आणि त्यांनी मार्केटिंगचा फॉर्म तिच्यापुढे ठेवला.