ढोलीतली पेटी

ढोलीच्या तोंडावर लिंपलेली शेणमाती सोमाजीनं विळ्यानं खरवडून काढली आणि आत हात घातला. धानाच्या बांधीत लाखोरीच्या डाळीचं बी टाकायचे दिवस आले की बियाण्याची ही बांबूची ढोली उघडायची, त्याआधी नाही. पावसाळाभर तिला कोणी हात लावत नाही, मग घरातली चूल पेटो न पेटो.

आतून त्यानं आधी पत्र्याची पेटी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि कांताबाईंसमोर ठेवली. लाखेचं सरकारी सील जसंच्या तसं होतं. पेटीला गंज नाही, वाळवी नाही.

"पाहून घ्या बाई," सोमाजी म्हणाला. "जशी देल्ली तशी हाय."

कांताबाई रामटेके बाजेवर बसल्या होत्या. मूळच्या पोंभुर्ण्याकडच्या. नर्स म्हणून नोकरीला लागल्या, नदीपलीकडची माणसं पावसाळ्यात औषधावाचून मरताना पाहिली आणि साहेबलोकांच्या मागे लागल्या. नदी चढायच्या आत गावात औषधांची पेटी पोचवून ठेवा, एवढंच त्यांचं मागणं. चंद्रपूर झालं, नागपूर झालं, मुंबई झाली. केस पांढरे झाले तेव्हा कुठे नव्या गडचिरोली जिल्ह्यात काही गावांपुरती परवानगी मिळाली, तीही कुरकुरत. गावकरी पेट्या फोडतील, बाटल्या बाजारात विकतील, असं साहेबांचं ठाम मत होतं. फुटलेलं सील म्हणजे चोरी, मग कारण काहीही असो, असा त्यांचा हिशेब. उद्या त्याच साहेबांपुढे बैठक होती. सीलं शाबूत निघाली तर पुढच्या साली नदीपलीकडच्या सगळ्या गावांना पेट्या मिळणार होत्या. आल्या आल्या त्यांनी हे सोमाजीला सांगितलंही होतं.

सील पाहून त्यांना बरं वाटलं. डोंग्यातून नदी ओलांडून चिखल तुडवत आल्यानं पाय भरून आले होते, आनंद व्हायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं, पण बरं वाटलं. मग जुन्या सवयीनं त्यांनी विचारलं, औंदा गावात हगवण नव्हती का?

"होती ना. आमची चंदा गेली पोळ्याच्या टायमाले. नदी भरून होती, कुठी नेनार?"

चंदाबाई सोमाजीची बायको. पेटी ढोलीत ठेवायचं तिनंच सुचवलं होतं, घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणून. ती गेल्याचं सोमाजीनं लाखोरी सुपात घेता घेता सांगितलं.

 औषध घरातच होतं, मग पेटी का नाही उघडली, एवढंच कांताबाईंनी विचारलं.

"तुमीच त सांगतलं होतं बाई, बियान्यावानी जपा म्हणून." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "बियानं का एका मानसासाठी काढते कोनी?"

सांगितलं होतं. पेट्या वाटताना एका गावात त्यांना ते वाक्य सुचलं आणि लोकांना चटकन पटलं. मग त्यांनी ते प्रत्येक गावात वापरलं, बैठकीतही वापरलं. साहेबांनासुद्धा आवडलं. जन्मभर त्या इतकं बोलल्या, पण इतकं तंतोतंत ऐकलं गेलेलं दुसरं वाक्य त्यांना आठवेना.

आतल्या खोलीतून कोणीतरी कण्हलं. सून आहे, कुंता, सोमाजीनं सांगितलं. तिलाही कालपासून हगवण लागली होती आणि आज सकाळपासून उठवत नव्हतं. सांगताना त्यानं पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

कांताबाईंनी खाली पडलेला विळा उचलला. सोमाजीनं पुढे होऊन पेटीवर हात ठेवला.

"फोडू नोका बाई. उद्या तुमची मिटिंग हाय. आमच्या एका घरापायी साऱ्या गावायची पेटी जाईन."

"हात काढा भाऊ."

त्यानं हात काढला नाही. शेवटी त्यांनीच तो हळूच बाजूला केला आणि विळ्याचं टोक सिलात घातलं. लाखेचे तुकडे सारवलेल्या जमिनीवर पडले. त्यांनी आतली एक पुडी काढली, गडवाभर पाण्यात ओतून ढवळली आणि कुंताचं डोकं मांडीवर घेऊन तिला घोट घोट पाजू लागल्या. असं कोणाला मांडीवर घेऊन पाजल्याला किती वर्षं झाली कोण जाणे. बैठका सुरू झाल्या आणि हे राहूनच गेलं. उद्याच्या बैठकीत काय सांगायचं, याचा विचार करायचाही त्यांना आता कंटाळा आला होता.

कुंताच्या पोटात पाणी ठरलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडून आणखी मागितलं.

गडव्याच्या तळाशी थोडं उरलं होतं. सोमाजीनं ते तळहातावर घेऊन चाखलं. मग पुन्हा चाखलं.

"मीठ-साखर लागते बाई."

"हो भाऊ. तेच हाय जास्त करून."

"अन् औषध?"

"हेच औषध."

सोमाजीनं गडवा खाली ठेवला.

"साखर नसली, गूळ असला त?"

"चालते," कांताबाई म्हणाल्या. 

सोमाजीनं मान वर केली. चुलीवरच्या शिंक्यात, चंदाबाईनं पोळ्यासाठी आणलेला गूळ अजून तसाच होता.